हातचा न घेतलेली संख्या

लेकीची गणिताची वही मी लाल पेनाने तपासते. हे चांगलं नाही, मला कळतं. पण ऑफिसात सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबांवर खुणा करून हात तसाच वळलाय. गेल्या जुलैत ती पाचवीत होती आणि शाळेने 'संख्यांची गंमत' म्हणून काहीतरी करून आणायला सांगितलं होतं. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल हेच अभ्यासाचं टेबल. कुकर उतरवून मी तिच्या वहीत डोकावले, तर तिने सुबक जिना मांडला होता. १ गुणिले १ बरोबर १. ११ गुणिले ११ बरोबर १२१. १११ गुणिले १११ बरोबर १२३२१. असं करत ती नऊ एकांपर्यंत पोचली होती आणि तिथलं उत्तर होतं १२३४५६७८९८७६५४३२१. चढा आणि उतरा.

त्याखाली दहा एक. इथे मात्र आमच्या बाईसाहेबांनी गुणाकार केलाच नव्हता. नऊपर्यंत चढलो तर पुढे दहापर्यंत चढायचं आणि उतरायचं, त्यात काय विचारायचं! तिने लिहिलं होतं:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

मी लाल फुली मारली. "हातचा कुठे गेला?"

गुणाकार मांडून पाहिला की हा जिना का बनतो ते लगेच दिसतं. एकाखाली एक एक घर सरकवून एकांच्या ओळी लिहायच्या आणि उभ्या बेरजा करायच्या. पहिल्या रांगेत एकच एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, मधल्या रांगेत सगळ्यात जास्त, मग पुन्हा कमी कमी. नऊपर्यंत कुठेच हातचा येत नाही, म्हणून उत्तर इतकं देखणं. दहा एकांना मधल्या रांगेची बेरीज दहा होते. शून्य मांडून एक हातचा द्यावा लागतो, तो शेजारच्या नवाला दहा करतो, तिथेही शून्य पडतं, आणि पुढचा आठ नऊ होऊन बसतो. खरं उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ गायब आणि मध्ये दोन शून्यांचा खड्डा.

"पण आई, माझं जास्त छान दिसतंय."

"छान दिसण्याचे मार्क नसतात," मी म्हटलं. असं आपण का बोलतो देव जाणे.

वही मिटली तरी तो आकडा काही डोक्यातून जाईना. याला कारण माझे बाबा. ते लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत शुभंकरोति झालं की पाढे सुरू. दोन ते तीस आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी. पाऊणकीला मी रोज अडखळायचे. बाबांना मूळ संख्या हा शब्द बहुधा माहीत नसावा, निदान त्यांच्या तोंडून मी तो ऐकला नाही. पण एकोणतीसचा पाढा म्हणून झाला की ते म्हणायचे, "ही बघ, दोनापासून अठ्ठाविसापर्यंत कुणाच्याच पाढ्यात आली नाही. थेट स्वतःच्या पाढ्याला उगवली." पुढे शाळेत बाईंनी फळ्यावर व्याख्या लिहिली, एक आणि ती संख्या यांखेरीज दुसरा विभाजक नसलेली वगैरे. मला गॅलरीतलीच पुरली. कुणाच्याच पाढ्यात न येणारी ती मूळ.

तर प्रश्न असा की लेकीचा हा वीस अंकी आकडा कुणाच्या पाढ्यात येतो?

दुसऱ्या दिवशी पाऊस असा की भांडुपलाच कळलं, आज काही खरं नाही. गाडी रखडत कुर्ल्यापर्यंत आली आणि कुर्ला-सायनच्या मध्ये उभी राहिली ती राहिलीच. लेडीज डब्यात मला चौथी सीट मिळालेली, म्हणजे बसले म्हणायला बसले. पर्समधून औषधाचं बिल काढलं आणि त्याच्या पाठीवर ती संख्या लिहिली.

दोन आणि पाच लगेच बाद, शेवटी एक आहे. तीनसाठी अंकांची बेरीज. एक ते नऊ पंचेचाळीस, उतरताना पुन्हा पंचेचाळीस, मधल्या दहाचा एक. एक्याण्णव. तीनने भाग जात नाही. (एक्याण्णव ही शंभराच्या आतली माझ्या मते सगळ्यात लबाड संख्या. चेहरा मूळ संख्येचा आणि निघते तेरा साती.) सात, अकरा आणि तेरा यांच्यासाठी एक झकास युक्ती आहे. या तिघांचा गुणाकार १००१. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे डबे पाडायचे आणि एकाआड एक अधिक-वजा करायचे. ३२१ वजा ६५४ अधिक ९८७ वजा ९१० अधिक ६७८ वजा ३४५ अधिक १२. उरले ८९. त्याला ना सात लागतात, ना अकरा, ना तेरा. मग तेच डबे नुसते मिळवले तर सदतीसची परीक्षा होते, कारण ९९९ मध्ये सदतीस आहे. बेरीज ३९०७. सदतीसही नाही.

शेजारची बाई मेथी निवडत होती. बराच वेळ बघून तिने विचारलं, "मटक्याचा आकडा काढताय का हो?"

मी म्हटलं, "नाही, पोरीचा अभ्यास." तिचा विश्वास बसला नसावा. थोडा वेळ थांबून म्हणाली, "लागला तर सांगा."

गाडी हलत नव्हती म्हणून पुढचा हिशेब केला. कुठलीही संख्या फुटत असेल तर तिचा निदान एक तुकडा तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतो. इथे वर्गमूळ साधारण ३५१ कोटी. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा मूळ संख्या सुमारे सोळा-सतरा कोटी. सेकंदाला एक भागाकार उरकला आणि जेवायला-झोपायलाही उठले नाही, तरी पाच वर्षांहून जास्त. मध्य रेल्वेही इतका वेळ लावत नाही.

हाताने हे कुणी केलंच नाही असं नाही. १७७२ साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने २१४७४८३६४७ ही दहा अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. अशा संख्येचा विभाजक कोणत्या साच्यात बसला पाहिजे हे त्याने आधी शोधलं, आणि भागून पाहायच्या मूळ संख्या हजारोंवरून ८४ वर आणल्या. लेकीची संख्या त्याच्या दुप्पट लांबीची आणि तिला तसला साचाही नाही. ती कुठल्या सूत्रातून आलेलीच नाही, एका दहा वर्षांच्या मुलीच्या आळसातून आलीये.

ऑफिसात पोचेपर्यंत साडेअकरा झाले होते. पहिलं काम म्हणून तो आकडा स्प्रेडशीटमध्ये टाकला. स्प्रेडशीट पंधरा अंक लक्षात ठेवते आणि पुढच्या अंकांना शून्य करते. समोर आलं १२३४५६७८९१०९८७६०००००. इतक्या कष्टाने दोन आणि पाचमधून सुटलेली संख्या तिने लाखाच्या पाढ्यात नेऊन बसवली! बँकेचे लांब खातेक्रमांक भरताना आम्ही आधी अवतरणचिन्ह टाकतो ते याचसाठी. मग आकडा आकडा राहत नाही, नुसता मजकूर होतो, पण शाबूत राहतो. तसंच केलं. आता तो शाबूत होता आणि त्याचं काहीच करता येत नव्हतं.

शेवटी ठाण्याच्या भाच्याला फोन केला. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मावशी, दोन मिनिटांचं काम आहे." फोन ठेवायच्या आत उत्तर आलं. "मूळ आहे."

मी पुन्हा एकेक अंक वाचून दाखवायला लावला. मूळच होती.

मला खरा रस त्या दोन मिनिटांत होता. सतरा कोटी भागाकार यंत्रानेही केले नव्हते. रविवारी भाचा घरी आला तेव्हा बटाटेवडे खाता खाता त्याने सांगितलं, ते मला समजलं तसं सांगते. संख्या फुटते का हे पाहायला ती फोडावी लागत नाही. १६४० साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने एक गोष्ट सांगून ठेवली. संख्या मूळ असेल तर दोन घ्या, तीन घ्या, तिच्याहून लहान कुठलीही संख्या घ्या, तिचा, मूळ संख्येपेक्षा एकने कमी एवढा घात करा आणि त्या मूळ संख्येनेच भागा, बाकी एकच उरते. घात केवढाही मोठा असला तरी वर्ग करत करत पटकन पोचता येतं. वीस अंकी संख्येला चौसष्टेक पायऱ्या. बाकी एक आली नाही तर ती संख्या नक्की फुटते. कुठे फुटते ते मात्र कळत नाही. एखादा माणूस खोटं बोलतोय हे खात्रीने कळावं पण खरं काय ते शेवटपर्यंत कळू नये, तसं.

अडचण उलट्या बाजूने आहे. काही फुटक्या संख्याही ही परीक्षा पास होतात. १७२९, रामानुजनच्या गोष्टीतल्या टॅक्सीमुळे सगळ्यांना पाठ असलेली, हीसुद्धा त्यातलीच. सात, तेरा आणि एकोणीस यांचा हा गुणाकार. या तिघांपैकी कुणाचाही हात न लागलेल्या संख्येचा घात घ्या, बाकी एकच देते. म्हणून मिलर आणि राबिन या गणितज्ञांनी परीक्षा कडक केली. घाताच्या वाटेवरच्या मधल्या बाक्याही तपासायच्या. ज्या संख्यांचे घात करून बघायचे त्यांना भाच्याच्या पुस्तकात साक्षीदार म्हणतात. लेकीच्या संख्येएवढ्या संख्यांना दोनपासून सदतीसपर्यंतच्या बारा मूळ संख्यांची साक्ष पुरते, हे सिद्ध झालेलं आहे. बाराही साक्षीदारांनी काही वावगं पाहिलं नाही तर संख्या मूळ, शंकेला जागा नाही. हजारभर गुणाकारांत निकाल. कितीही मोठ्या संख्येसाठी अशी अंदाजाविना चालणारी आणि वेगाचीही हमी देणारी रीत २००२ साली आपल्याच देशात, कानपूरच्या आयआयटीत सापडली. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. त्यातले दोघे तेव्हा नुकते बी.टेक. झालेले. भाचा हे सांगताना जरा ताठ बसला होता.

मूळ संख्यांवर लिहिणारे इथे बँकांचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या चाव्यांकडे वळतात. मी वळत नाही. त्या कामाला शेकडो अंकांच्या मूळ संख्या लागतात, ही वीस अंकी तिथे दाराशीही उभी राहू शकत नाही. तिचा काही म्हणजे काही उपयोग नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

शोधायला गेल्यावर कळलं, ही संख्या आकड्यांचा नाद असलेल्यांना आधीपासून चांगली माहीत आहे. लक्षात राहायला सोपी म्हणून तिचं कौतुक होतं. आमच्या घरात ती नवी होती एवढंच. पण त्या शोधात एक जुना माणूस भेटला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीला शाळामास्तर. चार अंकी संख्येचे अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहिलं की बहुतेक वेळा शेवटी जी येते, त्या ६१७४ या संख्येमुळे ते जगभर पोचले. लेकीने मांडलेल्या त्या जिन्यांना, १२१, १२३२१ वगैरेंना, त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. हे नाव कुठलं, तर डोंबिवलीचं! जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरच्या त्या स्टेशनाला तेव्हा डेम्लो म्हणत आणि या संख्यांचा विचार त्यांच्या डोक्यात तिथे आला.

माझी आत्या डोंबिवलीला असते. त्या स्टेशनात मी शेकडो वेळा उतरलेय, चढलेय म्हणणं धाडसाचं होईल, चढवली गेलेय. त्या पुलावर डोक्यात पर्स पुढे घेण्यापलीकडे विचार येत नाही. तिथे एक शाळामास्तर उभा राहून एकांचे वर्ग मांडतो, ही गोष्ट मला ६१७४ पेक्षाही मोठी वाटते. तेव्हा गर्दी कमी असेल, हे मान्य.

तर आता त्या दोघी, कापरेकरांची आणि लेकीची, शेजारी ठेवून पाहिल्या. कापरेकरांची नऊवाली, १२३४५६७८९८७६५४३२१, दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येते, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. आणि ती नखशिखान्त फुटकी आहे. मुळात वर्गच तो. तिच्यात ३ चारदा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. नऊपर्यंतच्या सगळ्या डेम्लो, पहिला एक सोडला तर, अशाच फुटतात. मी लाल पेनाने लिहून दिलेलं दहाचं बरोबर उत्तरही ११, ४१, २७१ आणि ९०९१ यांनी दोन-दोनदा फुटतं. ज्यात दहा तसाच घुसडला, उलटं वाचलं तर जी मध्येच अडखळते, ती तेवढी अभंग.

तिच्याबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी हाती लागल्या. शेवटचे दोन अंक २१, म्हणजे चारने भागून बाकी एक. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते आणि एकाच प्रकारे. हेही फर्माचंच, सिद्ध ऑयलरने केलं. शेजारीण तिच्या अगदी उलट. एकने लहान, २० ने संपणारी संख्या दोन, तीन, पाच, अकरा असे जो येईल त्याला दार उघडते. ७९२० ने तिला सरळ भाग जातो. आणि या उंचीवर मूळ संख्या किती विरळ, तर साधारण ४४ संख्यांत एक. फर्स्ट क्लासच्या डब्यात पास तपासायला टीसी येतो त्याहून जरा वारंवार.

आईकडची आजी एकं, दहं, शतं, सहस्र अशी मोजणी एका दमात म्हणायची. भास्कराचार्यांनी अठरा स्थानांची नावं दिली आहेत, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. लेकीची संख्या वीस अंकी. नावं संपल्यावरही दोन घरं उरतात. मराठीत ती वाचायची तर एकशे तेवीस परार्ध आणि पुढे सगळी वरात. मोठी म्हणावी तर २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली मूळ संख्या आहे, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिचे अंकच ४,१०,२४,३२०. पानाला पाच हजार अंक बसवले तरी आठ हजारांवर पानं. ते पुस्तक मला वाचवणार नाही. माझी संख्या औषधाच्या बिलावर मावते.

चढ-उताराच्या याच पद्धतीने पुढची मूळ संख्या कोणती? दहानंतर अकरा, बारा, शंभर, हजार, काहीच हाती लागत नाही. २०१५ साली श्याम सुंदर गुप्ता यांनी कळवलं की एकापासून २४४६ पर्यंत चढून उतरलं की जी संख्या होते ती बहुधा मूळ असावी. तिची लांबी १७,३५० अंक.

राहिली ती फुली. तिचं काय करावं यावर मी दोन दिवस विचार केला. गणित चुकलंच होतं. दहा एकांचा वर्ग विचारला होता आणि वर्ग कधी मूळ असूच शकत नाही, मग हे उत्तर मूळ निघालं म्हणजे जास्तच चूक. अकाउंट्सच्या कुठल्याही नियमाने ती फुली काढता येत नाही. शेवटी लेकीला बोलावून सगळं सांगितलं. परीक्षा, साक्षीदार, डोंबिवली. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे बरोबर की चूक?"

"चूक. पण मूळ आहे."

तिने थोडा विचार केला आणि पेन्सिल उचलली. दहाच्या जागी अकरापर्यंत चढून उतरली. १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१. "ही?"

मी तीन-तीनचे डबे पाडून दिले, अधिक-वजा तिने केलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा उरले १८९. अकरा लागले नाहीत, तेरा लागले नाहीत. सातापाशी ती थांबली, आणि माझ्या तोंडून गॅलरीतल्या चालीतच निघालं, "सत्तावीस साती एकशे एकोणनव्वद."

"फुटली?"

"फुटली."

तिने वही स्वतःकडे ओढली, खालची ओळ मोकळी सोडली आणि बारापर्यंत चढायला सुरुवात केली.